सेवेत असताना टीईटी: तयारी कशी करावी आणि ताण कसा आवरावा

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, अर्थात टीईटी, हा केवळ नोकरीच्या शोधात असलेल्या डी.एड. आणि बी.एड.धारकांचा विषय राहिलेला नाही. सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ही पात्रता मिळवावी, आणि ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना सेवेत राहता येईल, परंतु पदोन्नती हवी असल्यास तीच परीक्षा द्यावी लागेल, असे त्या निकालात म्हटले आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही अट लागू होते का, हा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. परिणामी वीस-बावीस वर्षे वर्गात उभे राहिलेले शिक्षक आज पुन्हा परीक्षार्थी झाले आहेत. त्यांची तयारी नवपदवीधरांसारखी असू शकत नाही, आणि त्यांचा ताणही वेगळा आहे. हे मार्गदर्शन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

या ताणाचा मोठा भाग अभ्यासक्रमाच्या काठिण्यातून येत नाही. आपण नापास झालो तर शाळेत, गावात आणि विद्यार्थ्यांसमोर काय तोंड दाखवायचे, ही भीती अधिक खोल असते, आणि ती परीक्षेचे नेमके आकारमान माहीत नसेल तर वाढत जाते. म्हणून पहिले काम गणिताचे आहे. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेतर्फे घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत पहिली ते पाचवीसाठी पेपर एक आणि सहावी ते आठवीसाठी पेपर दोन असतो. प्रत्येक पेपरात १५० गुणांचे १५० प्रश्न असून वेळ अडीच तास असतो. खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५५ टक्के लागतात, आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. उत्तीर्णता एकूण गुणांवर ठरते. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच विभागांना प्रत्येकी ३० गुण असतात. समजा एखाद्या शिक्षिकेने दोन्ही भाषांत मिळून ४५, मानसशास्त्रात २० आणि परिसर अभ्यासात १८ गुण मिळवले, तर गणितात अवघे १२ गुण मिळूनही बेरीज ९५ होते. गणिताच्या धास्तीने अर्ज भरायचे टाळणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. पेपर दोनमध्ये गणित व विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे या गटाला ६० गुण असल्याने तेथे एवढी मोकळीक राहत नाही.

पुस्तके आणण्यापूर्वी मागील एखादी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, कोणाचीही मदत न घेता सोडवावी. निकाल कमी आला तरी हरकत नाही, कारण त्या दिवशी गुण मिळवायचे नसून ते कुठे गळतात हे शोधायचे असते. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहावे: माहिती नव्हती, माहिती होती पण आठवली नाही, प्रश्न नीट वाचला नाही, किंवा वेळ संपला. या चार कारणांवर उपाय वेगवेगळे आहेत, आणि अनुभवी शिक्षकांचे बरेच गुण तिसऱ्या कारणाने जातात असे माझे निरीक्षण आहे.

अध्यापनशास्त्राच्या विभागात तर अनुभवच आडवा येतो. उदाहरणार्थ, ‘बेरीज करताना एक विद्यार्थी वारंवार हातचा विसरतो, तर शिक्षकाने प्रथम काय करावे?’ असा प्रश्न घ्या. अधिक उदाहरणे सोडवून घ्यावीत, पालकांना बोलवावे, हुशार मुलाशेजारी बसवावे, किंवा त्याने ते उदाहरण कसे सोडवले हे त्यालाच सांगायला लावावे, असे पर्याय असतात. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणारा शिक्षक पहिल्या किंवा तिसऱ्या पर्यायाकडे सहज झुकतो, कारण प्रत्यक्षात तो तेच करत आलेला असतो. परीक्षेला मात्र शेवटचा पर्याय अपेक्षित असतो, कारण चुकीमागचा विचार समजल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही ही बालकेंद्री शिक्षणाची भूमिका आहे. म्हणून येथे ‘मी काय करतो’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘मुलाचे शिकणे कशाने समजेल’ असे विचारावे. शिक्षा, तुलना, घोकंपट्टी किंवा मुलावर शिक्का मारणे सुचवणारे पर्याय आधी खोडावेत, म्हणजे बहुधा दोनच पर्याय उरतात. उपपत्तींचे प्रश्न वेगळे असतात. ते पाठच लागतात. पियाजेच्या बोधात्मक विकासाच्या चार अवस्था आणि त्यांची वये, कोहलबर्गच्या नैतिक विकासाचे तीन स्तर, व्हायगॉट्स्कीची समीपस्थ विकासक्षेत्राची (मूल एकट्याने नव्हे, पण मदतीने जे करू शकते त्याची) कल्पना आणि गार्डनरचा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत हे पक्के करताना प्रत्येक कल्पनेला आपल्या वर्गातील एक मूल जोडावे. दुसरीतील मुलाला उंच पेल्यात ओतलेले तेवढेच पाणी जास्त वाटते हे ज्याने पाहिले आहे, त्याला पियाजेची दुसरी, म्हणजे पूर्वसंक्रियात्मक अवस्था वेगळी पाठ करावी लागत नाही.

परिसर अभ्यास आणि गणितासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके पुरेशी आहेत, आणि ती ऑनलाइन विनामूल्य मिळतात. पहिली ते पाचवीची पुस्तके पूर्ण वाचून सहावी ते आठवीतील तेच घटक नजरेखालून घालावेत. गणितात लसावि-मसावि, शेकडेवारी, सरळव्याज, काळ-काम-वेग आणि क्षेत्रफळ एवढ्यावर भर द्यावा. मराठीत उताऱ्यावरील प्रश्न आधी घेऊन मग समास, प्रयोग, अलंकार, विभक्ती आणि म्हणी यांकडे वळावे. इंग्रजीची भीती असणाऱ्यांनी रोज एक उतारा वाचावा. व्याकरणाचे जाडजूड पुस्तक हाती घेण्याची गरज नाही.

वेळ हा खरा अडसर आहे. शाळा, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीत भरायची माहिती आणि निवडणुकीची कामे यांतून सलग तीन तास काढण्याचा बेत आठवडाभरही टिकत नाही. त्याऐवजी पहाटेचा एक तास नवीन घटकासाठी राखून संध्याकाळी अर्धा तास पुस्तक मिटून, सकाळी वाचलेले आठवून लिहावे. पुन्हा पुन्हा वाचल्याने विषय ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो येतो असा समज होतो. प्रयत्नपूर्वक आठवल्याने मात्र तो खरोखर टिकतो. रविवारी एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी, आणि तीही परीक्षेच्या वेळेत, उत्तरपत्रिकेतील वर्तुळे पेनाने भरून. परीक्षेचे वातावरण घरी आठ-दहा वेळा अनुभवले असेल, तर केंद्रावर धडधड कमी होते.

तरीही ती होईलच, आणि थोडी व्हायलाही हवी. झोप उडणे, पोट बिघडणे, वाचलेले आठवेनासे होणे हे ताणाचे परिणाम आहेत; त्यांवरून स्वतःच्या बुद्धीबद्दल निष्कर्ष काढू नये. छातीत धडधडू लागल्यास श्वास हळू घेऊन त्याहून हळू सोडावा आणि असे पाच-सहा वेळा करावे. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातील भीती कागदावर उतरवणाऱ्या, परीक्षेची धास्ती असलेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारल्याचे शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये मांडले होते. हा उपाय फुकट आहे, करून पाहायला हरकत नाही. ऑफिसरूममध्ये कोणाचा अभ्यास किती झाला याची रोजची चौकशी टाळावी, पण समविचारी दोघा-तिघांनी एकत्र प्रश्न सोडवणे उपयोगी ठरते. घरच्यांना परीक्षेची तारीख आणि अभ्यासाची वेळ स्पष्ट सांगावी, म्हणजे ‘आता या वयात कसला अभ्यास’ हे वाक्य निदान पहाटे ऐकू येणार नाही. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पहिल्याच फोनला नकार द्यावा. २०१९ च्या टीईटीतील गैरप्रकारानंतर हजारो उमेदवारांवर कारवाई झाली होती. निद्रानाश किंवा घाबरेपणा आठवडेच्या आठवडे टिकला, तर डॉक्टरांकडे जावे.

आदल्या दिवशी नवीन काही वाचू नये. प्रवेशपत्र, ओळखपत्र आणि पेन काढून ठेवून केंद्राचा रस्ता पाहून यावा. पेपर सुरू झाल्यावर सोप्या विभागापासून आरंभ करावा, अडलेल्या प्रश्नावर एका मिनिटाहून अधिक थांबू नये, आणि वर्तुळे शेवटी एकदम न भरता पानागणिक भरावीत, कारण एक ओळ घसरली की पुढची सर्व उत्तरे चुकतात. गुण वजा होत नसल्याने एकही वर्तुळ रिकामे सोडू नये. त्याच दिवशी दुसराही पेपर असल्यास मधल्या वेळेत पहिल्याची उत्तरे कोणाशीही पडताळू नयेत.

पुढे परिषदेची अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध होते. एखादे उत्तर चुकीचे वाटल्यास पाठ्यपुस्तकाच्या पानाचा पुरावा जोडून मुदतीत ऑनलाइन आक्षेप नोंदवावा. उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र आजन्म वैध असते. पूर्वीची सात वर्षांची मर्यादा २०२१ मध्ये हटवण्यात आली. गुण कमी पडल्यास विभागवार गुणांची नोंद त्याच आठवड्यात वहीत करावी, कारण पुढच्या परीक्षेचे वेळापत्रक त्या आकड्यांवरूनच आखायचे आहे.