घोटा मुरगळला: एक्स-रे एआयला देण्याआधी
शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरलात? घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या उंचवट्यांची मागची कड टोकापासून वर 6 सेंटिमीटर बोटाने दाबून बघा. हाड दुखलं किंवा चार पावलं टाकता येईनात, तर एक्स-रे काढाच: समोरून, बाजूने आणि पाय 15 ते 20 अंश आत वळवून. सांध्याची फट या तिसऱ्यातच नीट दिसते.

फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो एआयला देऊ नका, मूळ डायकॉम फाइल, म्हणजे एक्स-रे यंत्रातून निघालेली डिजिटल प्रत, द्या. चकाकीत बारीक चीर हरवते. एआयने खूण केली नाही म्हणजे लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा) शाबूत, असं नव्हे. एक्स-रेत ते दिसतच नाही. मुलांच्या हाडाच्या टोकाजवळ, जिथून हाड वाढतं, त्या पट्टीला एआय कधी फ्रॅक्चरही समजतो. शेवटचा शब्द अस्थितज्ज्ञाचा. तोवर पाय उशीवर, फडक्यात बर्फ 15 मिनिटं, आणि खोबरेल चोळणं बंद.