मिरर तुटला? डिस्क बदलण्याआधी खरी प्रत कोणती ते ठरवा

डेस्कटॉप सुरू होताना 'डिग्रेडेड' (जोडीतली एक डिस्क गळाली) असा इशारा दिसला की पहिला सल्ला ठरलेला असतो: नवी डिस्क आणा, लावा, रीबिल्ड करा, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर सगळं कॉपी करा. हा सल्ला निम्मा चुकीचा आहे. रेड-१ मधून, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणाऱ्या जोडीतून (मिररमधून), एक डिस्क बाहेर फेकली गेली म्हणून ती मेलीच असं नाही. सैल केबल, बायोसमधली (मदरबोर्डच्या सुरुवातीच्या मेनूतली) बदललेली सेटिंग, एकाच खराब सेक्टरवर (डिस्कच्या छोट्याशा तुकड्यावर) अडून बसलेली डिस्क, यातल्या कशानेही जोडी फुटते. त्यानंतर डेटा जातो तो बहुधा दुरुस्तीच्या वेळी, उलट्या दिशेने कॉपी झाल्यामुळे.

फायली उघडत असतील तर आधी त्या तिसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. विंडोजचं चेकडिस्क किंवा लिनक्सचं एफएससीके चालवायचा मोह आवरा. ते फाइलसिस्टम (डिस्कवरची फायलींची मांडणी) दुरुस्त करतात, जोडी नाही, आणि त्या नादात एकाच डिस्कवर भराभर लिहीत सुटतात.

मग दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर कागदावर लिहा. लिनक्समधली एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात, त्यामुळे 'पहिली डिस्क', 'दुसरी डिस्क' या भाषेत काहीही करू नका. लेबलवर छापलेला नंबर आणि स्मार्टसीटीएल (डिस्कची माहिती वाचणारी आज्ञा) दाखवतो तो नंबर जुळला, तरच ती डिस्क ओळखली असं समजा.

आधी केबल, मग डिस्क

स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, लांबलचक तक्त्यातल्या चारच ओळी इथे कामाच्या. ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले सेक्टर, १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही वाचता न आलेले, आणि १९९ म्हणजे केबलमधून येता-जाता बिघडलेला डेटा. फक्त १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा पोर्टचा. साटा केबल बदला, पोर्ट बदला, पॉवरचा स्प्लिटर असेल तर काढून टाका. हा आकडा कधी मागे येत नाही. केबल बदलल्यावर तो तिथेच थांबला की काम झालं. १९७ किंवा १९८ वाढत असतील तर डिस्कवर विश्वास ठेवू नका.

स्मार्ट स्वच्छ, केबल नवी, तरी डिस्क पुन्हापुन्हा बाहेर पडते? मग वेळेचं गणित बघा. साधी डेस्कटॉप डिस्क न वाचता येणाऱ्या सेक्टरवर मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त झगडत राहू शकते. लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) मात्र ३० सेकंदांतच कंटाळतो, डिस्क रीसेट करतो, आणि बिचारी जोडीतून बाहेर जाते. उपाय दोन. डिस्कला 'एससीटी ईआरसी' (खराब सेक्टरवर किती वेळ झगडायचं याची मर्यादा) जमत असेल तर स्मार्टसीटीएलने तिथे ७० हा आकडा द्या. तो सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ७ सेकंद. जमत नसेल तर कर्नलचाच टाइमआउट १८० सेकंद करा. पॉवर गेली की पहिली सेटिंग बहुतेक डिस्क विसरतात आणि दुसरी प्रत्येक बूटला मूळ पदावर येते, म्हणून दोन्हींची आज्ञा बूटच्या वेळी चालेल अशी ठेवा.

मदरबोर्डवरचं रेड वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सीएमओएसची (बायोसच्या सेटिंग टिकवणारी) बॅटरी संपली किंवा बायोस अपडेट झालं की साटा मोड 'रेड'वरून 'एएचसीआय'वर (डिस्क सुट्या दाखवणाऱ्या मोडवर) जाऊ शकतो. मग जोडीच्या जागी दोन सुट्या डिस्क दिसतात. त्या अवस्थेत विंडोज सुरू होऊ देऊ नका, मोड आधी परत बदला. एकीवर लिहिलं गेलं आणि दुसरीवर नाही, की पुढचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

कुठून कुठे

खरी कसोटी इथे लागते. महिन्यापूर्वी बाहेर पडलेली डिस्क आज केबल हलवल्यावर परत दिसू लागली, तर तिच्यावर महिनाभर जुना डेटा आहे. तो शिळा आहे हे तिला माहीत नसतं. काही वेळा एकाच नावाचे दोन व्हॉल्यूम दिसतात, लिनक्समध्ये एमडी-० (रेड जोडीचं नाव) च्या सोबत अचानक एमडी-१२७ उगवतो. या क्षणी 'रीबिल्ड'चं बटण दाबणं म्हणजे नाणेफेक.

लिनक्समध्ये उत्तर लिहून ठेवलेलं असतं. एमडीएडीएमचा (लिनक्सच्या रेड-साधनाचा) 'एक्झॅमिन' पर्याय दोन्ही डिस्कच्या रेड-भागांवर चालवा आणि 'इव्हेंट्स' (जोडीतल्या बदलांची मोजणी) व 'अपडेट टाइम' या ओळी शेजारीशेजारी ठेवा. जिचा इव्हेंट आकडा मोठा आणि वेळ नंतरची, ती ताजी. अपवाद एकच: फुटल्यानंतर दोन्ही डिस्क वेगवेगळ्या चालवल्या असतील तर दोन्हींचे आकडे वाढलेले असतात आणि मोठा आकडा काहीच सिद्ध करत नाही. असे दोन फाटे एकत्र करणारं कुठलंही साधन नाही. एक डिस्क निवडा, दुसरीवरच्या वेगळ्या फायली हाताने बाहेर काढा.

मदरबोर्डच्या रेडमध्ये हे आकडे सहज दिसत नाहीत, तेव्हा फायलींच्या तारखा बघाव्या लागतात. एका वेळी एकच डिस्क जोडा आणि लाइव्ह लिनक्समधून (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समधून) केवळ वाचण्यासाठी माउंट करा, म्हणजे उघडा. ब्राउझरची प्रोफाइल, मेलचा साठा, सिस्टमचे लॉग यांच्या शेवटच्या तारखा लगेच बोलतात. यासाठी विंडोज नको. डिस्क दिसताच ते तिच्यावर आपल्या फायली लिहायला लागतं. लिनक्सची एक्स्ट-४ फाइलसिस्टम असेल तर नुसतं 'आरओ' (फक्त वाचा) पुरत नाही. न लिहिलेला जर्नल (अर्धवट बदलांची नोंद) ते तरीही पूर्ण करतं, म्हणून सोबत 'नोलोड' द्या.

ताजी डिस्क ठरली की शिळीची केबल काढा, ताजीवर एकटीवर मशीन सुरू करा आणि महत्त्वाच्या फायली खरोखर उघडून पाहा. नुसती यादी दिसली म्हणून समाधान मानू नका.

यानंतर माझं मत ठाम आहे: शिळी डिस्क पूर्ण रिकामी करूनच जोडीत आणा, म्हणजे दिशा चुकायला जागाच उरत नाही. मात्र ताज्या डिस्कचा १९७ शून्य नसेल तर शिळीला हात लावू नका. जे सेक्टर आता वाचता येत नाहीत त्यांची जुनी प्रत कदाचित तिच्यावरच शिल्लक असेल. अशा वेळी ताजी डिस्क जीएनयू डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या साधनाने), काय वाचून झालं त्याची नोंद ठेवणारी मॅप फाइल देऊन, नव्या डिस्कवर उतरवा. आधी सोपा भाग, मग अडलेल्या सेक्टरांवर पुन्हा प्रयत्न. दुखऱ्या डिस्कवरून थेट रीबिल्ड सुरू केलं तर ते मध्येच थांबू शकतं.

लिनक्समध्ये इव्हेंट आकड्यांत थोडाच फरक असेल आणि बिटमॅप (कोणते भाग बदलले याची नोंद) चालू असेल तर रिकामं करायची गरज नाही. 'री-अ‍ॅड' वापरा, बदललेले भागच कॉपी होतात आणि काही मिनिटांत काम उरकतं.

दोन पर्यायांपासून कायम लांब राहा. एक, एमडीएडीएमचा 'क्रिएट'. 'जोडी दिसत नाही, तर तीच पुन्हा तयार करा' हा सल्ला सर्रास मिळतो. एमडीएडीएमच्या वेगळ्या आवृत्तीत डेटा सुरू होण्याची जागा वेगळी असू शकते, आणि मग जोडी दिसते पण फाइलसिस्टम सापडत नाही. असलेली जोडी उभी करायला 'असेंबल' आहे. दोन, मदरबोर्डच्या रेड मेनूमधलं व्हॉल्यूम पुसून नवं तयार करणं. तिथे 'सगळा डेटा जाईल' अशी सूचना येते, ती खरी समजा.

रीबिल्ड आणि नंतर

नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. काही सेक्टरांनी लहान असली तरी नकार मिळतो. ४ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबी वेगाने भरायला साधारण साडेसात तास लागतात, मध्ये काम करत राहिलात तर जास्त. लिनक्सच्या एमडीस्टॅट फाइलमध्ये (जोडीची स्थिती दाखवणाऱ्या) कंसात यू आणि रेघ आहे तोवर जोडी अपुरी. दोन यू आले की पूर्ण.

बूटलोडर (सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम) दुसऱ्या डिस्कवरही टाका. तो जिथे असतो ते ईएफआय विभाजन बहुधा मिररच्या बाहेर असतं आणि आपोआप कॉपी होत नाही, त्यामुळे डेटा शाबूत असूनही मशीन उठत नाही.

शेवटी लिनक्समध्ये दोन्ही प्रती ताडून पाहणारं 'चेक' चालवा. रेड-१ मध्ये मिसमॅचचा (न जुळणाऱ्या भागांचा) आकडा शून्य आला नाही म्हणून घाबरू नका. स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) जोडीवर असेल तर तो निरुपद्रवी कारणानेही वाढतो. सूचनांसाठी मेलचा पत्ता एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये घाला आणि 'मॉनिटर'ला 'टेस्ट' जोडून एक चाचणी मेल पाठवा. तो आला नाही, तर पुढची डिस्क कधी बाहेर पडली हेही कळणार नाही.