व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या मेंदूतले काळे ठिपके : या चुका टाळा

न्यूमोनियातून एआरडीएस (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन रक्तात नीट पोचत नाही), तीन आठवडे व्हेंटिलेटर. सिडेशन (गुंगीची औषधं) बंद करून चार दिवस झाले तरी रुग्ण डोळे उघडत नाही. सीटीत काही नाही. मग एमआरआय होतो, रिपोर्टात ‘असंख्य मायक्रोब्लीड्स’ (रक्तस्रावाचे बारीक ठिपके) असं येतं आणि धावपळ सुरू होते.

पहिली चूक त्याआधीच झालेली असते. फॉर्मवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ लिहून मोकळे होतात. एसडब्ल्यूआय, निदान जीआरई (रक्तातलं लोह टिपणारे एमआरआयचे प्रकार), असं स्पष्ट लिहा. हे ठिपके बहुधा पाच मिलिमीटरच्या आतले असतात. सीटीत ते दिसत नाहीत, साध्या टी-टू आणि फ्लेअर या नेहमीच्या प्रकारांमध्येही सहज निसटतात. एसडब्ल्यूआयमध्ये हिमोसिडरिनमधलं (जुन्या रक्तातून उरलेल्या साक्यातलं) लोह आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, म्हणून ठिपका काळा आणि आहे त्याहून मोठा दिसतो. स्कॅन होऊन गेला असेल, तर डिफ्यूजन या प्रकारातली ‘बी-झिरो’ ही प्रतिमा उघडून बघा, मोठे ठिपके तिथे सापडतात. आणि रुग्ण हलला की एसडब्ल्यूआय वाया जातो, तेव्हा ‘दोन मिनिटांत उरकू’ म्हणणाऱ्यांनी तो काढायला जाऊच नये.

दुसरी चूक जास्त महागात पडते. ‘ब्लीड’ हा शब्द दिसला की रात्रपाळीचा डॉक्टर एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅमवर (गुठळी होऊ नये म्हणून देतात तो हेपॅरिनच्याच जातीच्या औषधाचा प्रतिबंधक डोस) रेघ मारतो. पुन्हा कधी सुरू करायचं, हे कुणी लिहीत नाही. आठवड्याने डावी पोटरी सुजते, सॅच्युरेशन घसरतं, आणि आता गुठळीसाठी हेपॅरिन पूर्ण डोसमध्ये द्यावं लागतं. ज्या औषधाला घाबरलो, तेच दुप्पट हिमतीने! हिमोसिडरिन महिनोन्महिने टिकतं. ठिपका आज पडला की मागच्या महिन्यात, हे चित्र सांगत नाही.

आमची सवय अशी : औषधाच्या तक्त्याला हात लावण्याआधी ठिपक्यांची जागा बघायची. गंभीर आजारातले ठिपके कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) लगेच खालच्या पांढऱ्या भागात आणि मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझममध्ये, त्यातही त्याच्या मागच्या टोकाला, स्प्लेनियममध्ये, दिसतात. मेंदूच्या आत खोलवरचे बेसल गँग्लिया, थॅलॅमस बहुतेक वाचतात. रक्तदाबाचे ठिपके नेमके तिथे, शिवाय पॉन्स (मेंदूच्या देठाचा मधला भाग) आणि लहान मेंदूत असतात. अतिउंचीवरच्या मेंदूसुजेतून वाचलेल्या गिर्यारोहकांच्याही स्प्लेनियममध्ये असेच ठिपके दिसलेत, म्हणून संशयाची सुई ऑक्सिजनच्या कमतरतेकडे जाते. जागा जुळली, सीटीत ताजा रक्तस्राव नसला, प्लेटलेट ठीक असल्या, तर केवळ ठिपक्यांपायी प्रतिबंधक डोस आम्ही थांबवत नाही. पूर्ण डोस किंवा एक्मोचं (रक्ताला शरीराबाहेर ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राचं) हेपॅरिन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे न्यूरॉलॉजिस्टला बोलवूनच ठरवायचं.

बाकीच्या थोडक्यात. आडवी कापलेली शीरही ठिपक्यासारखी दिसते. वरच्या-खालच्या स्लाइसमध्ये ती लांबत गेली तर शीर. कॅल्शियमची शंका असेल तर एसडब्ल्यूआयसोबत मिळणारी फेज इमेज बघा, पण काळं-पांढरं मशीनच्या कंपनीनुसार उलटतं, म्हणून शेजारच्या शिरेशी ताडून बघा : शिरेसारखा तो रक्ताचा, उलटा तो कॅल्शियमचा. मांडीचं हाड मोडलेलं असेल तर आधी फॅट एम्बोलिझम (रक्तातून मेंदूत गेलेले चरबीचे कण), डोक्याला मार असेल तर अॅक्सॉनची (मेंदूतल्या चेतातंतूंची) इजा आठवा. ताप आणि मर्मर (हृदयातला जादा आवाज) असेल तर ब्लड कल्चर आणि हृदयाचा इको. प्लेटलेट कमी असतील तर स्मिअरमध्ये (काचपट्टीवरच्या रक्ताच्या थरात) फुटक्या लाल पेशी शोधा.

रुग्ण जागा होत नाही याचं सगळं खापर ठिपक्यांवर फोडू नका. किडनी मंदावली असेल तर मिडॅझोलम हे गुंगीचं औषध कित्येक दिवस रेंगाळतं. साखर, सोडियम, अमोनिया आणि ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) झाल्याशिवाय फाइल बंद नाही.

आणि एमआरआयच्या दारात घाई नको. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला नातेवाईक मशीनकडे खेचला गेला आणि दगावला. मशीन बंद आहे, असं त्याला सांगितल्याचा घरच्यांचा आरोप होता. हे चुंबक स्कॅन चालू नसतानाही ओढतच असतं. सिलिंडर अॅल्युमिनियमचा, व्हेंटिलेटर एमआरआयला चालणारा, इन्फ्युजन पंप लांब नळ्या लावून बाहेर. हे तिन्ही दारातच, आपल्या डोळ्यांनी तपासायचं.