मिशनच्या सेवेत यायचंय? कोल्हापुरातून चार गोष्टी

बारावीचा निकाल लागला की मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, मिशनरी व्हायला अर्ज कुठं करायचा?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा घोड्यावरून खेडी पालथी घालणारा गोरा साहेब असतो, नाहीतर यूट्यूबवरचा माइकवाला प्रचारक. आज आपल्या भागात हे काम करणारे आम्ही जवळपास सगळे इथलेच, एसटीनं फिरणारे. दिवसातला प्रवचनाचा वेळ फार थोडा. बाकीचा दवाखान्यात, मयतीला, भांडणं मिटवण्यात आणि शाळेचे दाखले काढून देण्यात जातो. हे ऐकून ज्याचा उत्साह ओसरतो, त्याला मी आधी नोकरी धरायला सांगते. त्यात काही कमीपणा नाही.

आपल्या गावाचा इतिहास थोडा माहीत करून घ्या, कारण लोक तुम्हाला त्याच मापानं मोजतात. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळांपासून सुरुवात केली. पुढं 1870 मध्ये हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथंच जन्मला. अमेरिकेत 1886 मध्ये जी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली आणि जिनं हजारो तरुणांना परदेशी मिशनकार्यात पाठवलं, तिच्या मुळाशी हा कोल्हापूरचा मुलगा होता. शेजारी मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी दवाखाना उभा केला. इथल्या जुन्या मंडळ्या 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. पण गडहिंग्लजच्या किंवा राधानगरीच्या म्हातारीला ही नावं ठाऊक नसतात. तिला 'मिशनचा दवाखाना' ठाऊक असतो. तिथल्या नर्सबाई कशा वागल्या होत्या, त्यावर ती तुम्हाला घरात घ्यायचं की ओट्यावरूनच परत पाठवायचं ते ठरवते.

आता शिक्षण. प्रोटेस्टंट बाजूला बारावीनंतर बी.टीएच. आणि पदवीनंतर बी.डी. या धर्मशिक्षणाच्या पदव्या हा रुळलेला रस्ता. बऱ्याच सेमिनऱ्या, म्हणजे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) घडवणाऱ्या संस्था, बंगालातल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटला, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाला, जोडलेल्या आहेत. सेरामपूर कॉलेज 1818 चं, आणि पदव्या देण्याचा अधिकार त्याला 1827 च्या डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनं मिळाला. आपल्याला जवळचं ठिकाण पुणं. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. कॅथलिक असाल तर वाट वेगळी आणि बरीच लांब आहे. त्याबद्दल तुमच्या धर्मग्रामातल्या फादरांनाच विचारा.

सेमिनरीत जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, समुपदेशन, इतर धर्मांचा अभ्यास, शिवाय ग्रीक आणि हिब्रू. माध्यम इंग्रजी. मराठी शाळेतून आलेल्यांचं पहिलं वर्ष शब्दकोशात जातं, तेव्हा जायच्या आधीच इंग्रजी वाचनाची सवय लावून घ्या. खरी अडचण मात्र परत आल्यावर कळते. चार वर्षं इंग्रजीत विचार केलेला असतो आणि समोर बसलेली असतात कागलची माणसं. एका धनगराच्या घरी मी येशूची हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. शंभरातलं एक हरवलं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्याच्यामागं गेला, इथवर आले आणि म्हाताऱ्यानं अडवलं, "आणि नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर टाकली?" ह्या प्रश्नाची तयारी कुठल्याच वर्गात झालेली नव्हती. त्यानंतर तासभर तोच मेंढरांबद्दल बोलत होता आणि मी ऐकत होते. त्या घराशी ओळख झाली ती त्या ऐकण्यातून. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्यानं 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तेही बंगालात बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. आपण तर इथंच वाढलो, तरी बोलीत बोलायला लाजतो.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, पण मंडळीतल्या सगळ्यांच्या गळी ते उतरलंय असं नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या बाळंतीण वॉर्डात किंवा एखाद्या घराच्या चुलीपाशी पुरुष पाळक पोचू शकत नाहीत, आपण पोचतो. तिथं जे बोललं जातं ते बाहेर न्यायचं नाही, पाळकसाहेबांपाशीसुद्धा नाही.

कायद्याचं नीट ऐका. घटनेचं कलम 25 धर्माचा प्रचार करण्याचा हक्क देतं. मात्र प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं. आमिष, भीती, फसवणूक यांच्या जवळपासही जाऊ नका. तांदळाचं पोतं आणि बायबल एकाच हातानं देऊ नये, हे माझं मत. आजारी माणसासाठी प्रार्थना जरूर करा, पण औषध बंद करायला कधीच सांगू नका. साप किंवा विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं आपल्याकडे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच होतं.

बाप्तिस्मा मागायला आलेल्याला 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाबद्दल आधी सांगा. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. मुलाच्या दाखल्याचा, वसतिगृहाचा, नोकरीचा प्रश्न उभा राहतो. हे सांगितलं तर माणूस मागं फिरेल म्हणून गप्प बसणारे आहेत. मला ते पटत नाही. फिरला तर फिरू दे.

पैशाचं कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलते. पगार थोडा असतो आणि तोही कधीकधी उशिरा येतो. नेमणुकीचं पत्र, भविष्यनिर्वाह निधी, दवाखान्याचा खर्च, बदलीचे नियम हे सगळं कागदावर मागा. क्वार्टर मंडळीचं असतं, निवृत्तीच्या दिवशी सोडावं लागतं. स्वतःच्या डोक्यावर छप्पर कसं येणार याचा विचार पंचविशीतच करा. परदेशातल्या ओळखीच्या माणसानं 'तुझ्या खात्यावर सेवेसाठी पाठवतो' म्हटलं तर नको म्हणा. असा पैसा परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेलाच घेता येतो, आणि 2020 पासून तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी यावा लागतो. मिशनच्या जुन्या जागांवरून कोर्टकज्जे चालू असतात. नव्या माणसानं कुठल्याच गटाच्या कागदावर सही करू नये.

अर्जाला मंडळीचं शिफारसपत्र लागतं. पाचारण झालंय, म्हणजे देवानं सेवेला बोलावलंय, असं सांगत येणाऱ्याला मी विचारते, रविवारच्या शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गात) शिकवलंयस का? नसेल तर आधी वर्षभर ते करा. सुट्टीत पाळकसाहेबांबरोबर भेटीगाठींना जा, त्यांची पिशवी धरा, गप्प बसून ऐका. मग पत्र मागा. फॉर्म साधारण जूनच्या सत्राच्या कितीतरी आधी निघतात, तेव्हा निकालाची वाट बघत बसू नका.