मांजराचं पिल्लू सापडलं की आधी पीठ आणा, निवारा नंतर

लातूरच्या मोंढ्यात मी आडत दुकानाचा मुनीम आहे. धान्य तिथं उंदीर, उंदीर तिथं मांजर. पोत्यांच्या थप्पीमागं भाटी व्यालेली नाही असा उन्हाळा इथं जात नाही. पिल्लं दिसली की हमाल मला हाक मारतात, "मुनीमजी, यांना ठेवून घेणारी संस्था हाय का कुठं?" संस्था शेवटी बघू, म्हणतो मी. आधी वाटीभर पीठ आण.

पीठ कशाला ते सांगतो. पिल्लं एकटी दिसली म्हणजे टाकून दिलेली असतात असं नाही. भाटी खायला गेलेली असते, नाहीतर एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडं हलवत असते. माणसं उभी असली की ती येत नाही. म्हणून पिल्लांभोवती पिठाचं पातळ रिंगण मारायचं आणि निघून जायचं. काही तासांनी पिठात पंजे उमटलेले दिसले की आई आहे. पिल्लं स्वच्छ, पोट गोल आणि गप्प झोपलेली असली तर पिठाचीही गरज नाही, त्यांना हात लावू नका. हात लागला की आई टाकते म्हणतात, त्यात तथ्य नाही. एप्रिल-मेमध्ये पिल्लं तापलेल्या पत्र्याखाली असतील तर चार पावलांवर सावलीत सरकवा, ती आवाजानं शोधून काढते.

आता निवारा, म्हणजे जनावरं ठेवून घेणारी संस्था, शेवटी का? माझी भाची उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिनं मला पॅनल्युकोपेनिया समजावून सांगितला. कुत्र्यांचा पार्व्हो असतो, त्याच्याच जातीचा हा मांजरांचा विषाणू. उलट्या, जुलाब, मान टाकणं, आणि लस नसलेलं पिल्लू बहुतेक वेळा वाचत नाही. हा विषाणू फरशीवर, पिंजऱ्यावर, कपड्यांवर वर्षभरसुद्धा टिकू शकतो. फिनाईलला तो दाद देत नाही, ब्लीच लागतं. एका खोलीत दहा ठिकाणची पिल्लं गोळा केली की एका आजारी पिल्लानं अख्खी रांग झोपते. मोठ्या मांजराचं दुखणं वेगळं. त्याला आपली जागा सुटलेली सोसत नाही. शेजारी कुत्री भुंकायला लागली की ते कोपऱ्यात बसतं, खाणं सोडतं, दबलेली सर्दी उफाळून येते. निवारा चालवणारी माणसं जीव तोडून करतात, पण आपल्याकडचे बहुतेक निवारे कुत्र्यांच्या आणि जखमी गुरांच्या हिशेबानं उभे राहिलेत.

अमेरिकेत निवाऱ्यातली लाखो मांजरं दरवर्षी जागेअभावी मारली जात. तिथं 2014 साली पशुवैद्यांनी 'मिलियन कॅट चॅलेंज' नावाची मोहीम काढली, 5 वर्षांत 10 लाख मांजरं वाचवायची. तिच्यातला एक उपाय असा होता की धडधाकट भटकं मांजर निवाऱ्यात ठेवायचंच नाही. नसबंदी आणि लस करून होतं तिथंच परत सोडायचं. आकडा मुदतीच्या आधी पूर्ण झाला. मोंढ्यातल्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो. गोदामात जागा नसेल तर आवक थांबवायची.

पिठात पंजे उमटलेच नाहीत, पिल्लं गार पडली आहेत, ओरडत आहेत, तर मात्र उचला. पहिलं काम ऊब. प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरा, जुन्या धोतरात गुंडाळा आणि पिल्लाच्या बाजूला ठेवा. पिल्लू सरकून लांब जाऊ शकेल एवढी जागा खोक्यात हवी. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, ते पचत नाही. गाईचं, म्हशीचं दूध तर नकोच, "मामा, जुलाबानंच जातंय ते," असं भाचीनं मला बजावलेलं आहे. पिल्लांच्या दुधाची पावडर जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळते किंवा मागवता येते. पोटावर ठेवूनच पाजा. तान्ह्या लेकरासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. अगदी लहान पिल्लाला दर 2-3 तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. पाजल्यावर ओल्या कोमट कापसानं मागची बाजू हलकेच पुसा, त्याशिवाय त्याला शी-शू होत नाही.

वय ओळखायला डोळे बघा. साधारण 7 ते 14 दिवसांत उघडतात, तिसऱ्या आठवड्यात दात दिसायला लागतात. आणि रोज वजन करा, माझा सगळा भरवसा काट्यावर. जन्मताना पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं आणि रोज 10-15 ग्रॅम वाढायला हवं. मसाल्याच्या काट्यावर टोपलीत ठेवून आकडा वहीत लिहा. एक दिवस वजन अडलं की लक्ष ठेवा, उतरलं की डॉक्टरकडं. चार आठवड्यांनंतर मऊ खाणं आणि जुन्या ताटलीत बारीक वाळू. तिथं शी-शूला जायला ते आपलं आपण शिकतं.

घरातल्या तीन गोष्टी लांब ठेवा: फिनाईल, पॅरासिटामॉल आणि कुत्र्यांच्या गोचिडांचं पर्मेथ्रीनचं औषध. तिन्ही मांजराला विष आहेत. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही देऊ नका, जीव जातो. गोदामवाल्यांनी आणखी एक ऐका. धान्यात कीड मारायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या असतील तर त्यांतून सुटणाऱ्या विषारी गॅसजवळ पिल्लांचं खोकं ठेवायचं नाही. उंदराचं औषध खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर तेही जाऊ शकतं.

पहिली लस 6 ते 8 आठवड्यांत, मग 3-4 आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, रेबीजची साधारण 3 महिन्यांला. नसबंदी 4-5 महिन्यांची झाली की करून घ्या. "अजून लहान हाय" म्हणत बसलात तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच भाटी गाभण राहू शकते आणि जेमतेम 9 आठवड्यांत विते. नसबंदी केलेल्या रस्त्यावरच्या मांजराच्या कानाचं टोक भूल असतानाच कापून घ्यायला सांगा, म्हणजे पुन्हा कुणी पकडत नाही. ओरबाडलं किंवा चावलं तर साबण लावून 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा.

घर शोधताना लोक "बोकाच द्या" म्हणतात, आणि वर तीन रंगांचा मागतात. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी भाटीच निघते, ते रक्तातच आहे. जमलं तर भावंडांची जोडी द्या. आणि उंदरांसाठी शेतावर नेऊन सोडतो म्हणणाऱ्याला नसबंदी झाल्याशिवाय देऊ नका. पोत्यात घालून मोंढ्यात सोडणाऱ्यांना तर मी 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याची आठवण करून देतो. पाळलेलं जनावर असं टाकून देणं गुन्हा आहे.

तरी कधी निवाराच गाठावा लागतो. पाय मोडलेला असतो, घरी कुणी नसतं. तेव्हा फोनवर विचारा: मांजरांची खोली कुत्र्यांपासून वेगळी आहे का? नवीन आलेलं मांजर दोन आठवडे तरी वेगळं ठेवता का? आल्या दिवशी लस देता का? कुणी नेलं नाही तर पुढं काय? सरळ उत्तरं मिळाली तर सोबत त्याचं अंथरूण आणि पुठ्ठ्याचं एक खोकं द्या. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात 2014 च्या अभ्यासात दिसलं, की लपायला खोकं मिळालेली मांजरं नव्या जागेत लवकर सावरली. आठवड्यानं बघायला जा. ते खोक्याबाहेर येऊन बसत असेल तर फोटो त्याच दिवशी काढून गावातल्या ग्रुपवर टाका. आत दबून बसलेल्या मांजराचा फोटो पाहून कुणी फोन करत नाही.