गड्ड्याच्या गर्दीत हाक कुठून आली ते कसं ओळखायचं

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला गेलात की पाळण्यांचे भोंगे, स्टॉलवाल्यांचे स्पीकर, आणि त्यात घरचं कोणीतरी हाक मारतं आणि आपण भलतीकडेच बघत बसतो. अशा वेळी गरागरा फिरू नका, जागेवर थांबा आणि नुसती मान हळू फिरवा.

आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात जरा नंतर. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, पण मेंदूला दिशा काढायला तेवढा बास होतो. शिवाय बारीक, किनऱ्या आवाजाच्या वाटेत आपलंच डोकं येतं म्हणून लांबच्या कानाला तो कमी ऐकू येतो. अडचण होते ती आवाज बरोबर समोरून किंवा बरोबर मागून आला की, कारण दोन्ही कानांत एकदमच पोचतो. मग मान उजवीकडे वळवा, आता डाव्या कानात आधी आला तर माणूस समोर आहे, उजव्यात आधी आला तर मागे. हे मोजत बसायचं नाही हं, मान हलली की मेंदू आपोआप करतो. आणि थंडी असली तरी मफलर, स्कार्फ कानावरून काढा, कारण आवाज वरून आला का खालून हे कानाच्या बाहेरच्या वळ्यांवरूनच कळतं.

दिशा कळली तरी शब्द पकडायला लक्ष लागतं, आणि ते एका वेळी एकाच आवाजावर नीट बसतं. १९५३ साली कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली आणि एकाच कानातलं म्हणून दाखवायला सांगितलं, तर दुसऱ्या कानातली भाषा इंग्रजीची जर्मन झाली तरी त्यांना पत्ता लागला नाही! पण पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात दुर्लक्ष केलेल्या कानात स्वतःचं नाव आलं तर साधारण तिघांतल्या एकाला ते कळलं. म्हणून हाक मारणाऱ्याने आधी नाव घ्यावं, नुसतं 'अण्णा' म्हणालात तर आपल्या सोलापुरात दहा जण वळतील. आणि ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं, ओठ दिसले की गोंगाटातसुद्धा शब्द जास्त कळतात.

गाडी चालवताना मात्र एका कानातसुद्धा इयरफोन नको, एक कान बंद झाला की हॉर्न ऐकू येतो पण नेमका कुठून ते नीट कळत नाही. आणि घरात सगळं ऐकू येतंय पण गर्दीतले शब्द कायम निसटतायत असं असेल तर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, पॉवरलूमच्या खडखडाटात काम करणाऱ्यांनी तर नक्कीच, आणि लूम चालू असताना कानात इयरप्लग घाला.