ल्युकेमियाग्रस्त मांजरासाठी विश्वासार्ह आश्रयस्थान कसे शोधावे

फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराची तपासणी पॉझिटिव्ह आली की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात : हे मांजर आता किती दिवसांचे सोबती, आणि घरातल्या बाकीच्या मांजरांचे काय होणार? दुसऱ्या प्रश्नाच्या धास्तीने पुष्कळ जण त्याच आठवड्यात फोन फिरवू लागतात आणि जी जागा पहिल्यांदा ‘आणा’ म्हणते तिथे मांजर सोपवून येतात. मांजरांना घरे मिळवून देण्याच्या कामात मी जे पाहत आले आहे, त्यावरून एवढे ठामपणे सांगते की या आजाराच्या बाबतीत सहज होकार देणाऱ्या जागेविषयी आधी शंका घ्यावी. ‘सध्या आमच्याकडे जागा नाही, आधी रिपोर्ट पाठवा’ असे सांगणाऱ्या माणसांचा पाठपुरावा करावा, कारण आपल्याला किती झेपते हे त्यांना ठाऊक असते.

मात्र शोध सुरू करण्यापूर्वी निदान पक्के करून घ्यावे. दवाखान्यात रक्ताच्या काही थेंबांवर दहा-पंधरा मिनिटांत होणारी स्नॅप टेस्ट विषाणूचे पी-२७ नावाचे प्रथिन शोधते. ही चाचणी चांगली असली, तरी वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरात ती एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून त्या मांजराचे भवितव्य ठरवू नये. प्रयोगशाळेत पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करून घ्यावी आणि संसर्ग नुकताच झाला असण्याची शक्यता असेल, तर साधारण ३० दिवसांनी तपासणी पुन्हा करावी. काही मांजरांचे शरीर विषाणूला दाबून टाकते. अशा मांजराच्या रक्तातील प्रथिन नाहीसे होते, पेशींमध्ये विषाणूचा अंश राहतो, पण ते सहसा दुसऱ्याला संसर्ग देत नाही आणि वर्षानुवर्षे ठीक राहू शकते. अशा मांजराला आपण ल्युकेमियाच्या कक्षात नेऊन ठेवले, तर जन्मभर विषाणू सोडणाऱ्या मांजरांच्या संगतीत आपणच त्याला ढकललेले असते. म्हणून दुसरा रिपोर्ट हातात येईपर्यंत मांजराला घरातच वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह आणि वेगळ्या लिटर ट्रेसह ठेवावे.

हा विषाणू पसरतो मुख्यतः लाळेतून : एकमेकांना चाटणे, एकाच वाटीतून खाणे-पिणे, चावणे, आणि आईकडून पिल्लाला. माणसाला किंवा कुत्र्याला तो होत नाही. शरीराबाहेर तो फार तर काही तास टिकतो आणि साबणाच्या पाण्यानेही मरतो. ग्लासगोच्या विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली तो शोधला, तो एकाच घरातील अनेक मांजरांना लसिकापेशींचा कर्करोग झाल्याचे लक्षात आल्यामुळे. अनेक मांजरांचे दीर्घ सहवासातले राहणे हीच या आजाराची वाट आहे आणि आश्रयस्थान म्हणजे तर असाच सहवास. निदानानंतरचे आयुष्य साधारण अडीच वर्षांचे सांगितले जाते, परंतु त्यात काही महिन्यांत जाणारी पिल्लेही आली आणि अनेक वर्षे आनंदाने जगणारी प्रौढ मांजरेही आली. विषाणू घालवणारे औषध नाही. रक्तक्षय, हिरड्यांचे आजार, वारंवार होणारी सर्दी आणि कर्करोग यांवर वेळेत उपचार करणे, हेच या मांजराच्या देखभालीचे खरे स्वरूप आहे.

आश्रयस्थान खरोखर लागणारच आहे का, याचा विचार इथेच करावा. ज्या घरात दुसरे मांजर नाही, ते घर ल्युकेमियाच्या मांजरासाठी कोणत्याही संस्थेपेक्षा चांगले असते. एखादे निवृत्त जोडपे, ज्यांचे म्हातारे मांजर नुकतेच गेले आहे आणि नवे पिल्लू आणायचा धीर होत नाही असे कोणी, किंवा घरात फक्त कुत्रा असलेले कुटुंब, यांना आजाराची पूर्ण कल्पना देऊन विचारावे. घरात दोनच मांजरे असतील आणि दार लावून राहणारी खोली असेल, तर स्वतःच्या घरी वेगळे ठेवणेही शक्य असते. निरोगी मांजराला ल्युकेमियाची लस देता येईल का हे पशुवैद्यांना विचारावे. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी तिहेरी लस या विषाणूपासून संरक्षण देत नाही, हे अनेक पालकांना माहीत नसते. रस्त्यावरचे मांजर असेल, घरात चार-पाच मांजरे एकाच हॉलमध्ये वावरत असतील, किंवा पालकच आजारी असतील, तर मात्र आश्रयस्थानाचा शोध योग्य ठरतो.

शोध पशुवैद्यांपासून सुरू करावा. मुंबई-पुण्यात केवळ मांजरांवर किंवा लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कोणत्या संस्थेची मांजरे कोणत्या अवस्थेत येतात हे रोज दिसत असते. ते उघडपणे नाव ठेवणार नाहीत, पण ‘तुमचे स्वतःचे मांजर तिथे ठेवाल का?’ असे थेट विचारल्यावर ते जे बोलतात, किंवा बोलायचे टाळतात, त्यातून पुष्कळ कळते. आपल्याकडच्या निरनिराळ्या संस्थांमधला फरकही ओळखावा. पांजरपोळांची परंपरा जुनी आहे, मुंबईची पांजरपोळ तर १८३४ सालची. तरी त्यांचे आजचे काम प्रामुख्याने गाई-बैलांसाठी चालते. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारखी ठिकाणे मुख्यतः उपचारासाठी आहेत. नसबंदी करून प्राण्याला पुन्हा त्याच्या जागी सोडणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि जन्मभर सांभाळणाऱ्या वेगळ्या. या शेवटच्या प्रकारात ल्युकेमियासाठी स्वतंत्र कक्ष असलेल्या जागा थोड्या आहेत, त्यामुळे काही आठवडे वाट पाहण्याची मनाची तयारी ठेवावी.

पहिल्या फोनवर आपण काय विचारतो यापेक्षा समोरून काय विचारले जाते, याकडे लक्ष द्यावे. जबाबदार माणूस तपासणीची तारीख, चाचणीचा प्रकार, नसबंदी झाली आहे का, लसीकरण, एफआयव्हीचा (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या दुसऱ्या विषाणूचा) रिपोर्ट, वजन, सध्याची औषधे आणि इतर मांजरांशी वागणूक, हे सारे विचारतो. ‘मांजर आणून सोडा, बाकी आम्ही बघतो’ हे उत्तर ऐकायला दिलासा देणारे वाटते, पण रिपोर्ट न पाहता मांजर घेणारी संस्था इतरांचीही मांजरे तशीच घेत असणार, हे उघड आहे.

त्यानंतर जागा प्रत्यक्ष पाहावी, आणि मांजर सोबत न नेता पाहावी. मांजर मांडीवर असले की नकार द्यायला जीभ रेटत नाही. शक्यतो सकाळच्या स्वच्छतेच्या वेळी जाण्याची परवानगी मागावी. ल्युकेमियाची मांजरे स्वतंत्र खोलीत आहेत का, त्यांची भांडी, ट्रे, झाडू आणि अंथरुणे वेगळी आहेत का, हे पाहावे. भांड्यांवर रंगाची खूण केलेली असेल, तर ती पद्धत रोज पाळली जाते असे समजायला हरकत नाही. सेवक कोणत्या क्रमाने फिरतो हेही पाहावे : आधी निरोगी मांजरे, मग ही, किंवा दोन्हीकडे निरनिराळी माणसे. अनेकांना हा क्रम ल्युकेमिया पसरू नये म्हणून आहे असे वाटते. त्याचे तितकेच मोठे कारण असे की या मांजरांची प्रतिकारशक्ती क्षीण असते आणि नव्याने आलेल्या पिल्लाकडून सेवकाच्या हातांवर, कपड्यांवर आलेला पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या घातक आजाराचा किंवा सर्दीचा विषाणू त्यांना झेपत नाही. म्हणून सेवकाने या खोलीत शिरताना हात धुतले का आणि चपला बदलल्या का, हे जरूर पाहावे. नव्या मांजरांना काही काळ वेगळे ठेवण्याची खोली आहे का, आणि ती ल्युकेमिया कक्षापासून दूर आहे का, हेही विचारावे. ल्युकेमिया आणि एफआयव्ही या दोन्हींची मांजरे ‘सगळी पॉझिटिव्हच’ म्हणून एकत्र ठेवलेली दिसली, तर तिथल्या कोणाला आजार समजलेला नाही असे मी मानते.

गर्दीचा अंदाज डोळ्यांनी न करता हिशेबाने करावा. अमेरिकेतील निवाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत एकत्र राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ मांजरामागे किमान १८ चौरस फूट जागेची शिफारस उद्धृत केली जाते, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत फार तर सहा मांजरे. प्रत्येक प्राण्यामागे रोज किमान १५ मिनिटे, ९ स्वच्छतेला आणि ६ खाऊ घालण्याला, अशीही तिकडे प्रचलित शिफारस आहे. चाळीस मांजरे असतील, तर नुसत्या झाडलोटीला आणि जेवणाला दिवसाचे दहा तास लागतात. औषधे, दवाखान्याच्या फेऱ्या आणि माया करणे यांचा वेळ त्यात धरलेलाच नाही. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे सगळीकडे पाळले जाणार नाहीत, तरी ऐंशी मांजरे आणि एक अर्धवेळ बाई अशी स्थिती असेल, तर तिथल्या माणसांचे मन कितीही मोठे असले, तरी आजारी मांजर वेळेत लक्षात येणार नाही.

मग मांजरांकडे पाहावे. डोळ्यांतून पाणी, नाकाला खपली, कानांत काळा मळ, शेपटीखाली घाण हे एखाद्या मांजरात असू शकते, निम्म्या मांजरांत असता कामा नये. परवानगी घेऊन एखाद्या माणसाळलेल्या मांजराचा ओठ हलकेच वर करून हिरडी पाहावी. ती गुलाबी असावी. कागदासारखी पांढरी दिसली, तर ‘हिचे रक्त शेवटचे केव्हा तपासले?’ असे विचारावे. उत्तर ताबडतोब आणि तारखेसह आले, तर पांढऱ्या हिरडीनेही घाबरून जाऊ नये, कारण या आजारात रक्तक्षय पुष्कळदा होतो. इथे आपल्याला जोखायची असते ती तिथल्या माणसांची नजर. या मांजरांची दर सहा महिन्यांनी पशुवैद्यांकडून तपासणी आणि वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी व्हायला हवी. सगळ्यांची नसबंदी झालेली असावी, जंत आणि पिसवा यांची औषधे वेळेवर दिली जावीत आणि अन्न शिजवलेले किंवा तयार खाद्य असावे. कच्चे मांस प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मांजराला धोक्याचे असते.

सर्वांत अवघड पण सर्वांत उपयोगी प्रश्न मृत्यूचा आहे. गेल्या वर्षी या कक्षातली किती मांजरे गेली, कशाने गेली, आणि वेदना असह्य झाल्यावर निर्णय कोण आणि कसा घेतो, हे शांतपणे विचारावे. ‘आमच्याकडे कोणी मरत नाही’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. या आजारात मृत्यू येतोच, आणि त्याची नोंद नसेल तर जिवंत मांजरांचीही नोंद नीट नसते. चांगल्या जागी एखादी साधी दोनशे पानी वही पुढे ठेवतात, तिच्यात मांजराचे नाव, आल्याची तारीख, वजनाचे आकडे, औषधे आणि शेवटची तारीख एका ओळीत सापडते. दयामरण कधीच देणार नाही असे धोरण असेल, तर कोणत्या डॉक्टरांकडून कोणती वेदनाशामक औषधे दिली जातात, हे समजून घेतल्याशिवाय मांजर देऊ नये.

कागदपत्रे तपासणे तुलनेने सोपे आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, तेव्हा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि लेखापरीक्षित हिशेब पाहायला मागावेत. देणगीवर आयकर सवलतीची पावती मिळते का आणि पैसे संस्थेच्याच खात्यात जातात का, की एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआयवर, हे पाहावे. नोंदणी नसलेली एखादी ताईही उत्तम सांभाळ करत असू शकते, पण तिथे प्रश्न एकच उरतो : उद्या त्याच आजारी पडल्या तर या मांजरांचे कोण? दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचे नाव मिळाले नाही, तर थांबावे.

परदेशातील मराठी कुटुंबांना साधने अधिक आहेत. ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्च्युअरीज ही २००७ साली स्थापन झालेली संस्था पाहणी करून आश्रयस्थानांना मान्यता देते, आणि अमेरिकेतील धर्मादाय संस्थांचा आयकर विभागाचा ९९० क्रमांकाचा वार्षिक फॉर्म कोणालाही पाहता येतो. युटामधील कनॅबचे बेस्ट फ्रेंड्स हे मोठे आश्रयस्थान ल्युकेमियाची मांजरे ठेवते आणि त्यांना घरेही शोधते. ऑस्टिन पेट्स अलाइव्ह या संस्थेने तर अशा मांजरांच्या दत्तकविधानावरच भर दिला आहे. तरी तिकडेही फसगत होते. फ्लोरिडातील एका नावाजलेल्या मांजर-आश्रयस्थानातून २०१२ साली सुमारे ७०० मांजरे सोडवावी लागली होती, आणि देणगीदारांना तोपर्यंत तिथली रंगीत छोटी घरेच दिसत होती. तेव्हा मान्यतेचे प्रमाणपत्र असले, तरी व्हिडिओ कॉलवर का होईना, कक्ष आजचा आजच दाखवायला सांगावे.

जागा पसंत पडली की सगळे लेखी करावे. मांजर दुसरीकडे हलवण्यापूर्वी कळवणे, ठरावीक काळाने फोटो आणि वजन पाठवणे, भेटीची मुभा, मोठ्या उपचाराचा खर्च कोणी करायचा आणि जमले नाही तर मांजर परत घेण्याचा आपला हक्क, एवढे त्यात असावे. दरमहा काही रक्कम देण्याचे आपणही कबूल करावे आणि ती मांजर असेपर्यंत द्यावी. एकरकमी मोठी देणगी घेऊन ‘आयुष्यभराची जबाबदारी’ घेणारे प्रस्ताव मी टाळायला सांगते, कारण पैसे एकदा मिळाल्यावर नियमित संपर्क ठेवण्याचे कारण दोन्ही बाजूंना उरत नाही. आणि कोठेच जागा मिळाली नाही म्हणून मांजर मासळी बाजारात किंवा एखाद्या सोसायटीत सोडून येणे हा पर्याय नाही : उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, आणि ते मांजर तिथल्या मांजरांना संसर्ग देईल ते वेगळेच.

सोपवताना सगळ्या रिपोर्टच्या प्रती, चालू औषधे, सवयीचे खाद्य किमान दहा दिवसांचे आणि न धुतलेली त्याची एक चादर द्यावी. जागा बदलल्यावर मांजर दोन दिवस कमी खाते, ते समजण्यासारखे आहे. चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तर डॉक्टरांना दाखवायचे असे आधीच ठरवून घ्यावे आणि पहिला आठवडा रोज फोन करून फक्त तीन गोष्टी विचाराव्यात : खाल्ले का, ट्रे वापरला का, आणि लपून बसले आहे की बाहेर येते.